‘बॅम बॅम’ : गर्व की धृती?

आत्मविश्वास आणि आत्मप्रौढी यांतील सीमारेषा काव्यात पुष्कळदा पुसट असते. केवळ शब्दसंहितेवर भिस्त ठेवणाऱ्या समीक्षकाला तर ती दिसतच नाही. जमैकातील डान्सहॉल संगीताच्या बाबतीत हा धोका विशेष संभवतो, कारण स्वतःचे नाव घेऊन स्वतःची थोरवी सांगणे हा तेथील रूढ संकेतच आहे. सिस्टर नॅन्सी हिचे ‘बॅम बॅम’ (१९८२) हे गीत या दृष्टीने तपासण्याजोगे आहे.

जमैकात ‘डीजे’ ही संज्ञा तबकडी लावणाऱ्यास नव्हे, तर वाद्यसंगीतावर लयबद्ध बोल म्हणणाऱ्या गायकास लावतात. त्या काळी या क्षेत्रात पुरुषांचेच प्राबल्य होते. स्त्री असून आपण येथे का उभ्या आहोत, याचे उत्तर वीस वर्षांची नॅन्सी या गीतात देते. शब्द स्वप्रशंसेचे आहेत. भरताच्या परिभाषेत हा ‘गर्व’ नामक व्यभिचारी भाव ठरेल. परंतु ऐकताना मनावर उमटणारा ठसा गर्वाचा नाही. ही विसंगती कशी उलगडावी?

उत्तर नादात आहे. गीताचा पाया ‘स्टॅलॅग’ हा रिडिम होय. रिडिम म्हणजे खर्जातील बासचे आवर्तन आणि ठेका यांचा असा बांधीव साचा, की ज्यावर अनेकांनी आपापली गीते रचावीत. हा साचा १९७०च्या दशकातील अॅन्सेल कॉलिन्स याच्या वाद्यरचनेतून आला. पालुपदालाही पूर्वपरंपरा आहे: याच नावाच्या गीताने मेटॅल्स या वृंदास १९६६ साली जमैकाच्या महोत्सवगीत स्पर्धेत प्रथम पारितोषिक मिळवून दिले होते. म्हणजे जेथे गायिका स्वतःचे वेगळेपण सांगते, तेथील भूमी मात्र सर्वांची आहे.

बासचे आवर्तन अविचल चालते. वरचा आघात मात्रांच्या मधोमध पडतो, त्यामुळे लयीत मोकळी जागा राहते. ती भरून काढण्याची घाई नॅन्सीचा स्वर करीत नाही. तारसप्तकाकडे झेप न घेता, मोजक्या स्वरांत, बोलणे आणि गाणे यांच्या सीमेवर तो वावरतो. गर्वाला प्रतिस्पर्धी लागतो आणि त्याच्यासमोर आवाज चढतो. येथे आवाज चढतच नाही. लाभले त्याचा उपभोग आणि न लाभले त्याचा शोक नसणे, ही भरताने सांगितलेली ‘धृती’ होय. या गीताचा खरा भाव तोच.

हा गुण गायिकेचा नसून रिडिमचा आहे, असा आक्षेप कोणी घेईल. त्याला उत्तर टेनर सॉ याच्या ‘रिंग द अलार्म’ (१९८५) या गीतात मिळते. रिडिम तोच, परंतु तेथे प्रतिस्पर्धी ध्वनिसंचाच्या पराभवाची घोषणा आहे आणि स्वर ताणलेला, आर्त आहे. पाया एक असूनही भाव पालटतो, त्या अर्थी धृती उच्चारात आहे.

म्हणून अशा गीतांचे छापील शब्द तेवढे वाचून निर्णय देणे अन्यायाचे ठरते. कागदावर नॅन्सी आपला हक्क मागताना दिसते; ऐकताना कळते की, तिने तो मागितलेलाच नाही. ती त्या जागी आधीच निवांत उभी आहे.