उत्तर कोणती? वास्तुप्रतिमानांतील दिशानिश्चितीची सद्यःस्थिती

इमारतीच्या संगणकीय प्रतिमानात दिशा नोंदवणे हे काम वरवर पाहता एका कोनाचा आकडा भरण्यापुरते असते. परंतु तो आकडा कोणत्या उत्तरेपासून मोजला, कशाने मोजला आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने मोजला की उलट, याची नोंद त्याच्यासोबत क्वचितच राहते, आणि या शाखेचे खरे दुखणे तेथेच आहे. हैदराबादेतील हिमायतनगरसारख्या दाट वस्तीत ते चटकन ध्यानात येते. क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या तेथील गल्ल्यांत भूखंडाची कड रस्त्याच्या अंगाने जाते, आणि रस्ता मुख्य दिशांशी जुळलेला असेलच असे नाही. चारमिनारची गोष्ट निराळी. १५९१ च्या त्या वास्तूच्या चार कमानी चार दिशांना उघडतात. हिमायतनगरात काम करणारा आरेखक मात्र भिंती पडद्यावर आडव्या-उभ्या दिसाव्यात म्हणून भूखंडाची एक कड सरळ करून घेतो, आणि त्या क्षणी कागदाची वरची बाजू ही एक नवीच, सोयीची उत्तर जन्माला येते.

रेव्हिट या प्रणालीने ही सोय उघडपणे मान्य केली आहे. तिच्यात ‘प्रोजेक्ट नॉर्थ’ म्हणजे आरेखनाची उत्तर आणि ‘ट्रू नॉर्थ’ म्हणजे पृथ्वीच्या अक्षावरून ठरणारी भौगोलिक उत्तर अशा दोन वेगळ्या संज्ञा असून, प्रत्येक दृश्य यांपैकी कोणत्या उत्तरेनुसार दाखवायचे हे ठरवता येते. त्यामुळे स्थलदर्शक नकाशा खऱ्या उत्तरेनुसार आणि मजल्यांचे आराखडे सोयीच्या उत्तरेनुसार ठेवण्याचा प्रघात पडला आहे. ही व्यवस्था तात्त्विकदृष्ट्या सर्वांत स्वच्छ म्हणावी लागेल; पण खरी उत्तर फिरवण्याची आज्ञा आणि आरेखनाची उत्तर फिरवण्याची आज्ञा एकाच यादीत शेजारी बसवल्यामुळे, नवख्याने पहिलीऐवजी दुसरी दिली की सगळी इमारतच फिरते. आर्किकॅडमध्ये अक्षांश, रेखांश, कालविभाग आणि उत्तरेचा कोन एकाच चौकटीत भरावे लागतात, आणि हा शेजार अर्थपूर्ण आहे, कारण सूर्याच्या हिशोबात ही चारही मूल्ये एकमेकांवाचून अपुरी असतात. स्केचअपने हिरवा अक्ष म्हणजेच उत्तर असे गृहीत धरले आहे. ज्याला ते बदलायचे असेल त्याला ‘सोलर नॉर्थ’ हे जोडसाधन वेगळे घ्यावे लागते, आणि ते ठाऊक नसणारा माणूस उत्तरेऐवजी इमारतच वळवून मोकळा होतो.

उत्तरा मात्र दोनच नाहीत. होकायंत्र चुंबकीय उत्तर दाखवते, आणि हैदराबादेत तिचे खऱ्या उत्तरेपासूनचे विचलन एका अंशाच्या आसपास आहे. भूमापनाच्या नकाशावरील उभ्या रेषा तिसरीच, जाळीची उत्तर दाखवतात: यूटीएम या प्रक्षेपणात पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे पट्टे पाडलेले असून हैदराबाद ४४ व्या पट्ट्यात पडते, त्या पट्ट्याचा मध्य रेखावृत्त ८१ अंश पूर्व, आणि शहर त्याच्या सुमारे अडीच अंश पश्चिमेला असल्यामुळे तेथे जाळीची उत्तर खऱ्या उत्तरेच्या पाऊण अंश पश्चिमेकडे झुकते. सावलीच्या अभ्यासात एवढा फरक नगण्य ठरतो, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. अचूकतेचा आग्रह धरणारे अनेक लेखक या अंशभराच्या चुकीवर जितकी शाई खर्चतात तितकी ती अनर्थकारी नाही.

अनर्थ होतो तो चिन्हाने. एनर्जीप्लस ही ऊर्जेचा हिशोब मांडणारी प्रणाली कोन घड्याळाच्या दिशेने मोजते, तर गणिती परंपरेत धन कोन उलट्या दिशेने वाढतो; आयएफसी या देवाणघेवाणीच्या प्रमाणित रूपात तर कोनच नसून उत्तर ही आरेखनाच्या अक्षांवर बसवलेल्या सदिशाने, म्हणजे दिशा दाखवणाऱ्या दोन आकड्यांच्या जोडीने, सांगितली जाते. या रूपांतरात चिन्ह उलटले तर ३० अंशांनी वळलेली इमारत ६० अंशांनी चुकते. त्यातही विशेष असे की नियमांची चाळणी ही चूक पकडीलच याची खात्री नाही. निवासी इमारतींसाठीच्या २०१८ च्या ‘इको निवास संहिते’त बाह्य भिंतींतून आत येणाऱ्या उष्णतेचा निर्देशांक काढताना आठ दिशांना वेगवेगळे गुणक दिले आहेत, आणि ते २३.५ अंशांच्या खालच्या व वरच्या अक्षांशांसाठी निरनिराळे आहेत. परंतु ईशान्येचा व वायव्येचा गुणक जवळजवळ सारखाच, तसेच आग्नेयेचा व नैर्ऋत्येचाही. पूर्व-पश्चिम बाजू सारख्या असलेल्या इमारतीत चिन्ह उलटूनही निर्देशांक फारसा हलत नाही, आणि दुपारच्या उन्हाने तापणारी खोली मात्र सकाळच्या कोवळ्या उन्हाची म्हणून मंजूर होते.

दुसरा अनर्थ काळाचा. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, हैदराबाद साडेअठ्ठ्याहत्तरावर. म्हणून तेथे सूर्य घड्याळापेक्षा सरासरी १६ मिनिटे मागे असतो. साडेपाच तासांचा कालविभाग भरताना कोणी अर्धा तास गिळला, तर सूर्य साडेसात अंशांनी सरकतो, म्हणजे चुंबकीय विचलनाच्या कितीतरी पट. या अक्षांशावर मे महिन्याच्या दहा तारखेच्या आसपास आणि पुन्हा ऑगस्टच्या आरंभी भरदुपारी सूर्य डोक्यावर येतो, उभ्या खांबाची सावली नाहीशी होते, आणि त्या सुमारे बारा आठवड्यांत मध्यान्हीचा सूर्य उत्तरेकडे असतो. उत्तरेच्या खिडकीला छज्जा लागत नाही हा युरोपीय पाठ्यपुस्तकांतून आलेला समज येथे लागू पडत नाही, आणि योग्य स्थान भरलेले प्रतिमान तो काही क्षणांत खोडून काढते. एवढ्यासाठीच ही साधने मोलाची आहेत.

स्थान भरतानाही सावध राहावे लागते: हिमायतनगर याच नावाचा तालुका नांदेड जिल्ह्यात आहे, सुमारे दोन अंश उत्तरेला. नावावरून ठिकाण शोधणाऱ्या नकाशाने तो निवडला, तर सावलीविना दुपार आठवडाभराने सरकते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

हैदराबादेत सदनिका ‘ईस्ट फेसिंग’ म्हणून विकल्या जातात, आणि वास्तुसल्लागार आठ दिशांचे ४५-४५ अंशांचे भाग पाडून ईशान्येत देवघर, आग्नेयेत स्वयंपाकघर मागतो. तेथे दरवाजा सीमेजवळ पडला की एक अंशही निर्णायक ठरतो. मोबाइलच्या होकायंत्रावर विसंबणारा सल्लागार सळ्यांनी भरलेल्या स्लॅबवर उभा राहून चुंबकाला प्रश्न विचारत असतो, हे त्या शास्त्राच्या अनुयायांनाच खटकायला हवे. कारण ‘मयमत’ आणि ‘मानसार’ या ग्रंथांतील दिक्साधन शंकूने होते: सपाट जमिनीवर खुंटी रोवायची, तिच्याभोवती वर्तुळ आखायचे, सकाळी आणि दुपारनंतर सावलीचे टोक वर्तुळाला जेथे स्पर्श करील ते दोन बिंदू जोडायचे, म्हणजे पूर्व-पश्चिम रेषा मिळते. ही रेषा खऱ्या उत्तरेची आहे, चुंबकीय नव्हे. रेव्हिटच्या ‘ट्रू नॉर्थ’च्या चौकटीत भरण्यास ती होकायंत्राच्या आकड्यापेक्षा अधिक पात्र आहे, आणि ती हिमायतनगरच्या कोणत्याही मोकळ्या गच्चीवर, आकाश निरभ्र असलेल्या एका दिवसात काढता येते.