परंपरेची जन्मतारीख

एरिक हॉब्सबॉम आणि टेरेन्स रेंजर यांनी संपादित केलेला ‘द इन्व्हेन्शन ऑफ ट्रॅडिशन’ हा १९८३ चा निबंधसंग्रह. आपल्याकडे या ग्रंथातली ‘रचलेली परंपरा’ ही कल्पना तेवढी वापरली जाते; निबंध मात्र बाजूलाच राहतात.

डेव्हिड कॅनडाइन यांचा ब्रिटिश राजसोहळ्यांवरील निबंध मला यात सर्वांत मोलाचा वाटतो. हजार वर्षांचा म्हणून दाखवला जाणारा थाट बव्हंशी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घडवलेला आहे. १८३८ साली व्हिक्टोरियाच्या राज्याभिषेकात आर्चबिशपने अंगठी भलत्याच बोटात घुसवली आणि एक वृद्ध उमराव पायऱ्यांवरून कोसळला. राजाची प्रत्यक्ष सत्ता ओसरत गेली, तसतशी मिरवणूक शिस्तीत आली.

ह्यू ट्रेव्हर-रोपर यांचा स्कॉटिश किल्टवरील निबंध वाचताना हसू येते. हायलँड्सच्या या ‘पुरातन’ वेषाचे आजचे रूप, त्यांच्या मते, अठराव्या शतकात एका इंग्रज कारखानदाराने काढले. १८२२ साली राजा चौथा जॉर्ज तो वेष चढवून एडिनबरोत मिरवला. बेत वॉल्टर स्कॉटचा. पण त्याआधीच्या दहाएक वर्षांतच सदरलँड परगण्यातील कुळांना मेंढ्यांच्या कुरणांसाठी हुसकावण्यात आले होते, घरे पेटवण्यात आली होती. जमीन कुळाकडून काढून घ्यायची आणि त्याचा पोशाख राष्ट्राचे चिन्ह म्हणून मिरवायचा! ट्रेव्हर-रोपर यांचा सगळा रोख कापडावर आहे. ते नेसणारा माणूस कडेलाच राहतो.

माझा आक्षेप इथेच आहे. परंपरा नवी ठरली की ती खोटी ठरली, असे हॉब्सबॉम इतक्या ढोबळपणे म्हणत नाहीत. पण ग्रंथाचा सूर वाचकाला तिकडे नेतो. अस्पृश्यता तर जुनी आहे. जुनी म्हणून ती खरी आणि पाळण्याजोगी मानायची काय? तारीख शोधावीच, पण मिरवणुकीत कोण आणि वेशीबाहेर कोण, हे तारखेवरून कळत नाही.

बर्नार्ड कोहन यांचा १८७७ च्या दिल्ली दरबारावरील निबंध या प्रश्नाच्या जवळ येतो. संस्थानिकांना ध्वज दिले गेले, तोफांच्या सलामीने त्यांची पायरी ठरली. त्याच वेळी दख्खन व मद्रास इलाख्यात माणसे दुष्काळाने मरत होती. उतरंड मोडायची सोडून राज्यकर्त्यांनी ती तोफांच्या आवाजांवर मोजली.

आता आपल्याला ऐकवले जाते की भीमा कोरेगावचे अभिवादनही रचलेलेच, आणि तेही ब्रिटिशांच्या दगडापुढे. दगड ब्रिटिशांचाच आहे. १८१८ च्या लढाईनंतर कंपनी सरकारने तो स्वतःच्या गौरवासाठी उभारला आणि त्याच शतकाच्या अखेरीस ब्रिटिश सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तिथे गेले. तेव्हापासून तो स्तंभ साम्राज्याचा उरला नाही. ही परंपरा रचलेली आहे काय? आहे. १४ ऑक्टोबर १९५६ चीही आहे. दोन्ही तारखा आम्ही लपवत नाही.

हॉब्सबॉम यांनी याच ग्रंथात कामगारांच्या मे दिनाची दखल घेतली आहे. तो धागा धरून कोरेगाववर स्वतंत्र निबंध व्हायला हवा. आपल्या विद्यार्थ्यांपैकी कोणी तो लिहायला घेतला, तर स्तंभावरील ‘नाक’ लागलेल्या नावांपासून सुरुवात करावी.