एकास सत्याऐंशी

पुण्यात कोथरूडच्या ‘जोशीज म्युझियम ऑफ मिनिएचर रेल्वेज’मध्ये खेळ सुरू होतो तेव्हा पहिली काही मिनिटं डोळा फक्त गाडीचा पाठलाग करतो. गाडी बोगद्यात शिरली की तो दुसऱ्या तोंडाशी जाऊन थांबतो, ती बाहेर पडली की पुन्हा तिच्यामागे लागतो. मग नजर गाडीवरून सुटते. उड्डाणपूल, सर्कस, पोहण्याचा तलाव, ड्राइव्ह-इन थिएटर, दिव्यांचे खांब, कुंपणं असं एकेक दिसू लागतं. उतारावर चढणारी फ्युनिक्युलर दिसते. एवढ्यात ध्यानात येतं, की गाडी नजरेआड गेली तरी आपण तिला मनात धरून आहोत आणि ती कुठेतरी चालली आहे याबद्दल आपल्याला शंकाच नाही. छोट्या रेल्वेच्या कलेचं मर्म मला इथे सापडतं. खेळण्यातली गाडी दिसेनाशी झाली की संपते, मॉडेलमधली गाडी दिसत नसतानाही धावत राहते.

हे गाव वसवलं भाऊ जोशी यांनी. रेल्वेच्या मॉडेलांचा छंद त्यांनी जिवापाड जपला आणि १ एप्रिल १९९८ रोजी त्याचं संग्रहालय लोकांसाठी खुलं झालं. मॉडेलवाल्यांच्या भाषेत त्याचं माप ‘एचओ’, म्हणजे एकास सत्याऐंशी. खऱ्या जगातलं एक फूट इथे साडेतीन मिलिमीटर होतं आणि रुळांमधलं अंतर साडेसोळा मिलिमीटर. १९३५च्या सुमारास मार्कलिन आणि ट्रिक्स या जर्मन कंपन्यांनी टेबलावर मावतील अशा विजेच्या गाड्या बाजारात आणल्या, तेव्हापासून या आकाराच्या गाड्या घराघरांत शिरल्या. हॅम्बुर्गचं २००१ साली सुरू झालेलं अवाढव्य ‘मिनिएचर वंडरलँड’ही याच मापात आहे. या मापात मध्यम उंचीचा माणूस एकोणीस मिलिमीटरचा होतो आणि आपली रिक्षा जेमतेम तीन सेंटिमीटरची. एवढ्याशा आकारात चेहरा नसतो, नुसती ढब असते. फलाटावरचा माणूस वाट पाहतो आहे की निघाला आहे, हे खांद्याच्या कलावरूनच कळायला हवं. कारागिराची पहिली कसोटी तिथेच लागते.

मग या गावाचा खरेपणा येतो कुठून? माझ्या मते तो येतो नियम पाळण्यातून. जोशींच्या लेआउटवर, म्हणजे रूळ आणि गाव मांडलेल्या या रचनेवर, साठहून अधिक सिग्नल आहेत. सिग्नल असला की गाडीला थांबायला कारण मिळतं. कारणाने थांबलेली गाडी आणि वीज तोडल्याने थांबलेली गाडी यांत प्रेक्षक अचूक फरक करतो, मग त्याला रेल्वेचं ज्ञान असो वा नसो. एक गाडी थांबते, दुसरी सांध्यावरून खडखडत पुढे जाते, तिचा शेवटचा डबा निघून गेल्यावर पहिली हलते. या क्रमात एक अख्खी व्यवस्था दिसते. कुणीतरी सांधा बदलला आहे, कुणीतरी वाट मोकळी असल्याची खात्री केली आहे, असं वाटतं. माणसं एकोणीस मिलिमीटरची असली तरी त्यांच्यातली जबाबदारी पूर्ण मापाची वाटते.

वेगाचंही तसंच. खरी गाडी ताशी ८० किलोमीटरने जात असेल, तर या मापात तिने सेकंदाला सुमारे पंचवीस सेंटिमीटर जायला हवं. म्हणजे पाच मीटरचं टेबल ओलांडायला वीस सेकंद. मुलाच्या हाती रेग्युलेटर दिला तर तो याच्या कितीतरी पट वेगाने गाडी पिटाळतो आणि त्या क्षणी तिचं खेळणं होतं. संथपणात गाडीचं वजन दिसतं. वजन तर या कलेतला सर्वांत अवघड प्रश्न आहे, कारण लांबी सत्याऐंशी पटींनी घटते तेव्हा वजन सत्याऐंशीच्या घनाने घटतं, म्हणजे साडेसहा लाखांहून अधिक पटींनी. आपलं डब्ल्यूएपी-७ इंजिन १२३ टनांचं, या हिशेबाने ते १९० ग्रॅमही भरत नाही. एवढी हलकी वस्तू सांध्यावर उडेल, वळणावर लटपटेल. म्हणून डब्यांच्या तळाशी शिशाचे किंवा लोखंडाचे तुकडे बसवतात, मोटरला जडचक्र जोडतात आणि डिजिटल नियंत्रण असेल तर वेग हळूहळू चढेल-उतरेल अशी आज्ञा इंजिनातल्या चिपला देऊन ठेवतात. खरी गाडी स्वतःच्या भारामुळे सावकाश निघते. छोटीला तो भार शिकवावा लागतो. मोठीचं आचरण छोटीच्या अंगी बाणवायचं, तर मोठीचं माप कुठेतरी मोडावंच लागतं.

अशा तडजोडी पाहायला शिकलं की लेआउट दुप्पट सुंदर दिसू लागतो. वळणच घ्या. भारतीय ब्रॉडगेजवर सर्वांत तीव्र वळणाची त्रिज्या १७५ मीटर. एकास सत्याऐंशीत ती दोन मीटर होते, म्हणजे एक अर्धवर्तुळ घालायला चार मीटर रुंदीची खोली लागेल. घरातल्या लेआउटवर वळण बहुधा पाऊण मीटरच्या आतलं असतं. डबे तिथे कोपऱ्यांतून बाहेर येतात आणि डोळ्याला खटकतात. म्हणून कुशल कारागीर ते वळण बोगद्यात, झाडीमागे किंवा इमारतींच्या रांगेआड ठेवतो. डोंगर तिथे शोभेसाठी उभा नसतो, तो एक उणीव झाकत असतो आणि झाकताना गाडीला दूरचा प्रवास देत असतो. बोगद्यात गेलेली गाडी फार लांब जाऊन आली असं आपल्याला वाटतं, ते या तडजोडीचंच फळ. रुळांचंही असंच आहे. मुख्य मार्गावरचा, मीटरमागे ६० किलो वजनाचा रूळ १७२ मिलिमीटर उंच असतो, म्हणजे मॉडेलमध्ये दोन मिलिमीटरहून किंचित कमी. बाजारात सर्रास मिळणारा रूळ अडीच मिलिमीटरचा. अर्ध्या मिलिमीटरचा हा फरक रंगाने जिरवता येतो. रुळाच्या कडांना गंजाचा तपकिरी रंग दिला, फक्त माथा चकचकीत ठेवला, की रूळ बारीक दिसायला लागतो.

गंज आणि धूळ यांना या कलेत मानाचं स्थान मिळवून देणाऱ्यांत अमेरिकेतल्या मॉन्टेरेचे जॉन अ‍ॅलन अग्रणी होते. त्यांनी डब्यांवर काजळी चढवली, लाकडी शेड झिजवल्या, आरसे लावून रस्ते लांबवले. १९७३ साली ते गेले, पण कोऱ्या करकरीत गाडीपेक्षा वापरलेली गाडी अधिक खरी, हा धडा तेव्हापासून जगभरच्या मॉडेलवाल्यांनी गिरवला. गंज म्हणजे गाडीचा इतिहास. ती कालही धावत होती याची खूण.

कोथरूडला खेळाच्या ओघात रात्र होते आणि दिवे लागतात. मला हा भाग सर्वांत समर्थ वाटतो. उजेडात डोळा दोष शोधतो, जोड दिसतात, प्लास्टिकची चमक दिसते. अंधार ते सगळं पोटात घेतो आणि फक्त उजळलेल्या खिडक्या उरतात. खिडकीत दिवा आहे म्हणजे आत कुणीतरी जागं आहे. डब्यांच्या उजळ खिडक्या त्या घरांजवळून जातात आणि पाहणाऱ्याला प्रवासी आणि रहिवासी अशा दोन्ही जागा एकदम मिळतात. मोठ्या जगात हे जमत नाही. तिथे आपण एकतर गाडीत असतो, नाहीतर बाहेर. सगळ्या वाटा, सगळी घरं, येणं आणि जाणं एका दृष्टीत मावणं, हेच या छोट्या जगाचं मोठं आकर्षण. आणि ते सुख मनात घेऊन मी मुंबईतल्या साकीनाक्याकडे पाहतो, तोही असा टेबलावर उतरेल का, या नजरेने.

मुंबई मेट्रोची पहिली मार्गिका ८ जून २०१४ रोजी सुरू झाली. वर्सोवा ते घाटकोपर, ११.४ किलोमीटर, बारा स्थानकं. साकीनाका त्यांतलं एक. या मार्गिकेची एक गोष्ट मॉडेलवाल्याच्या काळजाला भिडणारी आहे. आपली लोकल १६७६ मिलिमीटरच्या ब्रॉडगेजवर धावते. एकास सत्याऐंशीत ते अंतर एकोणीस मिलिमीटरहून थोडं जास्त भरतं, पण तयार मिळणारे रूळ साडेसोळाचे. त्यामुळे बेचाळीस मिलिमीटर रुंदीची लोकल त्या रुळांवर ठेवली की तिचे पाय आखूड आणि जवळजवळ वाटतात. भारतीय गाड्यांची हौस असणाऱ्याला ही पावणेतीन मिलिमीटरची उणीव कायम सलते. मेट्रो मात्र १४३५ मिलिमीटरच्या स्टँडर्ड गेजवर आहे. त्याला सत्याऐंशीने भागा, साडेसोळा येतात. तंतोतंत. चार डब्यांची आख्खी गाडी सुमारे एक मीटरची होते, म्हणजे डबा न वगळता, काही न कापता ती टेबलावर उभी राहते. मुंबईतलं जे रेल्वेदृश्य तयार रुळांवर मापाला जराही धक्का न लावता उतरू शकतं, ते साकीनाक्याच्या डोक्यावरून रोज जातं.

आणि दृश्य तरी कसं! मार्ग खांबांवर, म्हणजे टेबलावरच्या रचनेला दोन मजले आपोआप मिळतात. वर ठरल्या वेळेची, सरळ रेषेची, चकाकणारी गाडी. खाली अंधेरी-कुर्ला रस्ता, साकी विहार रस्त्याचं तोंड, खैरानी रोडकडे वळणारे टेम्पो, हातगाड्या, रिक्षांची रांग. वरच्या मजल्याला नियम आहेत, खालच्याला सवयी. या दोहोंतला ताण नुसत्या रंगांतूनही दाखवता येईल. वर राखाडी काँक्रीट, खाली पत्र्यांवरची निळी ताडपत्री. पुढे गाडी असल्फाकडे निघाली की टेकडीवर एकावर एक चढलेली घरं येतात, त्यांतल्या कित्येक भिंती काही वर्षांपूर्वी स्वयंसेवकांनी रंगवलेल्या. लेआउटला पार्श्वभूमीचा डोंगर लागतो, इथे तो आधीच घरांनी भरलेला आहे.

जरीमरीच्या बाजूला उतरणारं विमान मात्र कारागिराची परीक्षा घेईल. एअरबस ए-३२० साडेसदतीस मीटर लांब, म्हणजे मॉडेलमध्ये त्रेचाळीस सेंटिमीटर. मेट्रोच्या जवळपास दोन डब्यांएवढं विमान टेबलावर टांगलं तर ते सगळं दृश्य गिळून टाकेल. म्हणून ते लहान मापात करून मागच्या आकाशात ठेवावं लागेल आणि मग ते दूर वाटेल. मापात खोटं, नजरेला खरं. आणि घराच्या छपराला लागून गेल्यासारखा जो त्याचा आवाज इथे ऐकू येतो, त्याला कुठलं माप लावणार? आवाज लहान करता येत नाही. त्याची आठवण करून देता येते: खालच्या एखाद्या गॅलरीत मान वर करून उभा असलेला एकोणीस मिलिमीटरचा मुलगा ठेवला की काम होतं.

जोशींच्या गावात जो खरेपणा गाडीच्या आणि वस्तीच्या नात्यातून साधला, तो इथे ओळखीतून साधेल. त्यांचं गाव कल्पनेतलं आहे. त्यातल्या गाड्या आणि रचना युरोपच्या वळणाच्या आहेत, आणि तरीही शिस्त, रात्र आणि संथपणा यांच्या बळावर ते आपल्याला जिंकतं. साकीनाक्याच्या लेआउटला याहून कडक परीक्षक मिळतील. टेम्पो कुठे उभा राहतो, पावसाळ्यात पाणी कुठे तुंबतं, गाळ्याचं शटर किती वर उचललेलं असतं, हे माहीत असलेली माणसं तो पाहायला येतील. चाक चुकलं तर त्यांना कळणार नाही, शटर चुकलं तर लगेच कळेल. मला वाटतं, वास्तवतेची खरी मोजपट्टी हीच. मिलिमीटर सांभाळायचे ते या ओळखीला धक्का लागू नये म्हणून.

हे काम करायला लागणारे हातही इथेच आहेत. साकीनाक्याच्या गाळ्यांमध्ये लेथवर पितळ कातणारे, प्लास्टिकच्या वस्तूंसाठी साचे बनवणारे, पत्रा वाकवणारे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या बसले आहेत. अर्ध्या मिलिमीटरचा फरक त्यांना बोटांनी कळतो. भाऊ जोशींनी महाराष्ट्रातल्या एका खोलीत दाखवून दिलं, की छोट्या गाडीकडे मोठी माणसं मनापासून पाहू शकतात. आता तीच निष्ठा आपल्या नाक्यांना, आपल्या पुलांना मिळायला हवी. सुरुवात मेट्रोच्या एका स्थानकापासून आणि त्याखालच्या शंभर मीटर रस्त्यापासून करता येईल. एकास सत्याऐंशीत तो रस्ता सव्वा मीटरही भरत नाही, आणि चाळीतल्या खोलीतही तेवढं टेबल मावतं.