जेवणाचा मुहूर्त

वजनाच्या विषयावर बोलण्याचा अधिकार मला फार पूर्वीच प्राप्त झाला आहे. तो 85 किलोंचा अधिकार आहे. या काळात वजन कमी करण्याचे जेवढे उपाय मी ऐकले, तेवढे लाडू जरी खाल्ले असते तरी काटा इतका पुढे गेला नसता. पूर्वीचे उपाय निदान समजायला सोपे असत. भात सोडा, बटाटा सोडा, साखर सोडा. तूप आधी सोडायला सांगत, पुढे तेच लोक धरायला सांगू लागले. पण भांडण होते ते 'काय खायचे' याचे. हल्लीच्या शास्त्राने तो प्रश्न मागच्या पंगतीला बसवला आहे आणि 'केव्हा खायचे' या प्रश्नाला पाट-रांगोळी मांडली आहे. लग्नाचा, मुंजीचा, वास्तुशांतीचा मुहूर्त आपण पाहतच आलो. आता पोळीचाही पाहायचा.

आमच्या सोसायटीत 2018 च्या सुमारास यावरून सरळ दोन तट पडले. शैव आणि वैष्णव यांच्यात झाले नसतील असे वाद जिन्यात होऊ लागले.

पहिला तट 'दर दोन तासां'चा. करीना कपूर 2008 साली 'टशन' चित्रपटात काडीसारखी दिसली आणि तिच्या आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांचे नाव घरोघर झाले. त्यांचे पुस्तक 2009 साली आले. उठल्याउठल्या चहा-कॉफी घ्यायची नाही, काहीतरी खरे अन्न खायचे. मग दर दोन तासांनी थोडे थोडे. आणि झोपण्याआधी दोन तास तरी जेवण उरकायचे. हे ऐकून माझ्यासारख्याला देव भेटल्याचा आनंद झाला. दर दोन तासांनी खाणे हे वजन कमी करण्याचे साधन आहे, हे मला बालपणी कुणी सांगितले असते तर मी केवढा बारीक झालो असतो! अडचण एवढीच, की 'थोडे' या शब्दाचे माप प्रत्येकाच्या ताटलीप्रमाणे बदलते. आमच्या वरच्या मजल्यावरचे काका दर दोन तासांनी थोडे शेंगदाणे खात. एक मूठ शेंगदाणे म्हणजे दीडशेच्या वर कॅलरी. आणि काकांची मूठ ही तालमीतली मूठ.

दुसरा तट 'दोनदा'वाल्यांचा. हा विचार मूळचा नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांचा. वीसेक पदव्या मिळवलेला हा माणूस 2004 साली अपघातात गेला. त्यांच्या एका व्याख्यानाचे बोट धरून डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी हा आहार गावोगाव पोचवला. दिवसात दोनदाच जेवायचे, प्रत्येक जेवण 55 मिनिटांत संपवायचे, मध्ये पाणी किंवा पातळ ताक. फी नाही, पावडर नाही, यंत्र नाही. टीका करण्याआधी हे मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे, की बारीक होण्याच्या बाजारात फुकट मिळणारी एवढी एकच वस्तू मी पाहिली. कारणही सुटसुटीत: दर खाण्याला शरीरात इन्सुलिन पाझरते, इन्सुलिन चरबी साठवायला मदत करते, म्हणून खाण्याच्या खेपा कमी करा.

खेपा ठीक आहेत. पण हमाल एका खेपेत किती पोती उचलतो, याचाही हिशेब नको का? इन्सुलिन किती पाझरते हे ताटात काय आणि किती आहे यावरही ठरते. आणि 55 मिनिटांत मराठी माणूस काय करू शकतो, हे ज्याने लग्नात जिलबीची पैज पाहिली आहे त्याला सांगायला नको.

तरी गंमत अशी, की दोन्ही तटांतली माणसे बारीक झाली. पहिल्या तीन महिन्यांत दोन्हीकडच्या पँटींना शिंपी लागला. एकाच रोगावर दोन उलटी औषधे सारखीच लागू पडली, तर गुण औषधाचा की पथ्याचा, असा संशय घेणे हे टीकाकाराचे कामच आहे.

हा संशय मी एकट्यानेच घेतला असे नाही. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या संशोधकांनी 2020 साली 116 माणसांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. निम्म्यांनी दुपारी 12 ते रात्री 8 एवढ्याच वेळात खायचे, बाकीच्यांनी नेहमीप्रमाणे तीन वेळा. बारा आठवड्यांनी पहिल्या गटाचे वजन सरासरी 940 ग्रॅमने उतरले, दुसऱ्याचे 680 ग्रॅमने. फरक 260 ग्रॅमचा, म्हणजे एका बऱ्यापैकी पेरूचा. आकडेशास्त्राच्या हिशेबी तो फरकच नव्हे. 2022 साली चीनमधल्या ग्वांगझूहून 139 लठ्ठ लोकांचा वर्षभराचा प्रयोग आला. इथे दोन्ही गटांचे खाणे मोजून कमी केले होते. एका गटाला फक्त ते सकाळी 8 ते दुपारी 4 या वेळातच खायचे बंधन. बंधनवाल्यांचे 8 किलो गेले, मोकळ्यांचे 6.3. ऐकायला मोठे वाटते, पण माणसामाणसांतला चढउतार लक्षात घेतला तर हाही फरक पक्का म्हणता आला नाही. त्याच वर्षी स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनच्या मंडळींनी 30 जणांना चार आठवडे सकाळचे जेवण मोठे आणि रात्रीचे लहान दिले, नंतर चार आठवडे उलटे. वजन दोन्ही वेळा सारखेच उतरले. सकाळी राजासारखे जेवा आणि रात्री भिकाऱ्यासारखे, असे कॅलेंडरच्या पाठीमागे छापणाऱ्यांची यात जरा पंचाईत झाली. मात्र सकाळी पोटभर जेवलेल्यांना दिवसभर भूक कमी लागली.

ही भुकेची गोष्ट महत्त्वाची आहे, म्हणून दुसरी बाजूही सांगतो. बोस्टनला 16 जाड माणसांना तेच जेवण चार तास उशिरा दिले, तेव्हा त्यांची भूक वाढली आणि जागेपणी शरीर थोडी कमी शक्ती खर्चू लागले. हेही 2022 सालचेच. त्याआधी 2013 साली स्पेनमधल्या 420 लोकांच्या पाहणीत दुपारचे जेवण तीनच्या नंतर घेणाऱ्यांचे वजन कमी उतरलेले दिसले. पण पाहणी ती पाहणी. तीननंतर जेवणारा माणूस इतरही पुष्कळ गोष्टी तीननंतर करत असतो. शरीरात घड्याळ आहे, याबद्दल मात्र वाद नाही; ते पेशींत कसे चालते हे शोधणाऱ्या तिघांना 2017 साली नोबेल मिळाले. वाद आहे तो ते घड्याळ कमरेचा घेर किती कमी करते याचा. माझे मत विचाराल तर, फारच थोडा. घड्याळ चरबी वितळवत नाही, ते फळीवरच्या डब्याला झाकण लावते. रात्री आठनंतर काही खायचे नाही असे ठरवले, की साडेदहाचा चिवडा आपोआप वाचतो. श्रेय मात्र घड्याळ घेते.

आपल्याकडे हे झाकण फार जुने आहे. चातुर्मासात एकभुक्त राहणाऱ्या आज्या होत्या. जैन शेजारी सूर्यास्तापूर्वी जेवून मोकळे होत. त्यांच्यापैकी कुणीच वजनासाठी हे करत नव्हते, म्हणून कुणी काट्यावरही उभे राहत नसे. एकादशीचे सोडा. साबुदाण्याची खिचडी, वर दाण्याचे कूट, बाजूला रताळ्याचा कीस असा तो उपवास कुठल्याही घड्याळात बसणार नाही.

पण माझे खरे भांडण प्रयोगांशी नाही. ते वेळापत्रकाशी आहे. संध्याकाळी सहाला जेवा, असे छापणाऱ्याने पाचला कणीक कोण भिजवणार हे कधी छापले आहे का? सीएसटीहून सव्वासहाची बदलापूर पकडणारा माणूस सहा वाजता जेवणार तो काय दाराच्या दांडीला लोंबकळून? रात्रपाळीच्या नर्सबाईंचा सूर्यास्त कुठला धरायचा? आणि घरोघरची बाई. 'अहो'ंचे दोनदा, मुलाचे दर दोन तासांनी, सासूबाईंचे औषधाच्या वेळेला, असे चार मुहूर्त सांभाळून ती रात्री साडेनऊला ओट्यापाशी उभ्याने जेवते, कढईतले संपवत. उशिरा जेवल्याने वजन वाढते हे तिलाच पुन्हा कुणीतरी वाचून दाखवते. आमच्या सोसायटीतल्या ज्या ज्या पुरुषाचे वजन वेळा पाळून उतरले, त्या प्रत्येकाच्या घरी वेळ पाळणारे दुसरेच कुणीतरी होते.

आणि गोळ्या. आमच्या वहिनींना मधुमेह आहे. मैत्रिणीकडून ऐकून, डॉक्टरांना न विचारता, त्यांनी सकाळचा नाश्ता सोडला. गोळी मात्र सोडली नाही. औषधाच्या बाबतीत त्या फार शिस्तीच्या. मधुमेहाच्या काही गोळ्या अशा असतात, की पोटात अन्न असो वा नसो, रक्तातली साखर खाली ओढतातच. साडेअकराला मी सहज डोकावलो तर वहिनी घामाने भिजलेल्या, हात थरथरत होते, आणि "भाऊजी" म्हणायचे सोडून मला "दादा, गाडी किती वाजता?" असे विचारत होत्या. यंत्रावर साखर 48. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली. पाव तासाने त्यांनी माझ्याकडे नीट पाहिले आणि म्हणाल्या, "अगंबाई, भाऊजी, केव्हा आलात? चहा टाकू?"

नंतर त्यांच्या डॉक्टरांनी गोळीही बदलली आणि जेवणाच्या वेळाही लिहून दिल्या. वजन उतरायला काय करायचे, हेही सांगितले: पोळ्या तीनच्या दोन, रोज चालणे, आणि पुन्हा काही सोडावेसे वाटले तर आधी फोन.

आमच्या घरी सध्या रात्रीचे जेवण साडेसातला असते. मला साडेसात हवे होते म्हणून कोशिंबीर माझ्या खात्यात आली आहे. सहा महिन्यांत माझे दोन किलो उतरले. ते साडेसातमुळे, की काकडीमुळे, की उभे राहून किसल्यामुळे, हे सांगायला 116 माणसे लागतील. आमच्या हिचे म्हणणे एवढेच, की काकडी जरा बारीक चोचवा.