मामा कशाने गेले?
(‘लोरेंझोज ऑइल’ या चित्रपटाच्या निमित्ताने)

जॉर्ज मिलर यांच्या ‘लोरेंझोज ऑइल’ (१९९२) या इंग्रजी चित्रपटाविषयी बोलणे निघाले की आईबापांच्या जिद्दीचे कौतुक होते. ते रास्तच आहे. परंतु अलीकडे तो पुन्हा पाहताना माझे लक्ष डॉक्टरांकडे अधिक गेले. दुर्मीळ आजार ओळखायचा कोणी आणि कसा, हा प्रश्न या कथेच्या पोटातच आहे. दिग्दर्शकाने तो पुरेसा उलगडला नाही, ही माझी तक्रार. मिलर स्वतः वैद्यकीचे शिक्षण घेतलेले असल्याने ती अधिकच.

कथा खरी आहे. ऑगस्टो आणि मायकेला ओडोने यांचा लहानगा लोरेंझो शाळेत एकाएकी बिघडू लागतो. चिडतो, तोल जाऊन पडतो, त्याला नीट ऐकू येईनासे होते. १९८४ मध्ये निदान होते : अ‍ॅड्रिनोल्युकोडिस्ट्रॉफी. या आजारात फार लांब साखळीची मेदाम्ले शरीरात साचतात, मेंदूतील तंतूंवरचे आवरण नष्ट होत जाते आणि अ‍ॅड्रिनल ग्रंथीही निकामी होऊ शकतात. मूल फार तर दोनेक वर्षे काढेल असे सांगितले जाते. आईबाप ग्रंथालयात ठाण मांडतात, शास्त्रज्ञांची परिषद भरवतात आणि ओलेइक व इरुसिक मेदाम्लांचे तेल तयार करवून घेतात. ते गाळून देणारे ब्रिटिश रसायनतज्ज्ञ डॉन सडबी चित्रपटात स्वतःच्याच भूमिकेत आहेत.

निक नोल्टीचा ओढूनताणून आणलेला इटालियन हेल कानाला खटकतो. सुसान सरँडनने मात्र मायकेला जिवंत उभी केली आहे. हा दोष आईकडून मुलाकडे येतो, हे कळल्यानंतरची तिची घुसमट पाहवत नाही. आपल्याकडे अशा घरात सुनेला काय ऐकावे लागते, हे वाचकांस सांगायला नको.

वैद्यकीय जगाने चित्रपटाच्या आशावादी शेवटावर आक्षेप घेतला आणि तो योग्य होता. एकदा मेंदूला इजा झाली की या तेलाने ती भरून येत नाही. लक्षणे नसलेल्या मुलांना त्याचा काही उपयोग होत असावा, असे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले, इतकेच. लोरेंझो २००८ मध्ये, तिसावा वाढदिवस झाल्यावर दुसऱ्याच दिवशी वारला.

माझा आक्षेप वेगळा आहे. मुलाचे वागणे बदलते इथपासून निदानापर्यंतचा काळ चित्रपट थोडक्या दृश्यांत उरकतो. घरच्यांच्या दृष्टीने तोच सर्वांत लांबचा असतो. ‘खोडकर आहे’, ‘लक्ष देत नाही’, ‘कान तपासा’, असे करीत दारोदार हिंडण्याचे ते दिवस! अमेरिकेत वैद्यकीच्या विद्यार्थ्यांना शिकवतात की टापा ऐकू आल्या तर घोडा समजा, झेब्रा नव्हे. शिकवण चुकीची नाही. दवाखान्यात रोज येतो तो साधा तापखोकलाच. पण घोडा समजून तीनदा औषध दिले आणि गुण आला नाही, तर डॉक्टरांनी मान वळवून पाहायला हवे की नको?

त्यासाठी मोठी यंत्रे लागतातच असे नाही. एक प्रश्न पुष्कळ काम करतो : ‘बाळाचे मामा कसे आहेत?’ हा दोष एक्स गुणसूत्रावर असतो. आई वाहक असेल तर तिच्या प्रत्येक मुलग्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी. तोच दोष तिच्या भावाला किंवा मावशीच्या मुलाला असू शकतो. एखादा मामा लहानपणीच गेलेला असतो, एखाद्याचे पाय ऐन तिशीत ताठरून लुळे पडलेले असतात. येथे चुलत्यांची माहिती कामाची नाही, मामांची आहे.

आणि नेमके इथेच आपल्या सीमाभागात घोटाळा होतो. आजी मराठीत ‘मामा’ म्हणते. कन्नडमध्ये ‘माव’ म्हटले तर तो मामाही होतो आणि सासराही. इंग्रजी केसपेपरवर उतरतो तो ‘अंकल’. मामा की चुलता, कळायला मार्ग नाही. आजीने अचूक सांगितलेली खूण तीन भाषांच्या प्रवासात पुसली जाते.

‘उपायच नाही, तर नाव कळून काय करायचे?’ असे विचारणारे डॉक्टरही भेटतात. उत्तर सरळ आहे. अ‍ॅड्रिनल निकामी झाल्याचे ओळखले तर हॉर्मोनच्या गोळ्यांनी जीव वाचतो. मेंदूची हानी अगदी थोडी असतानाच अस्थिमज्जा प्रत्यारोपण उपयोगी पडते. धाकट्या भावाची तपासणी वेळेत होते. २०२१ मध्ये केंद्र सरकारने दुर्मीळ आजारांचे राष्ट्रीय धोरण आणले. त्यात बेंगळूरू, मुंबई आणि हैदराबाद येथेही विशेष केंद्रे नेमली. पण गावच्या डॉक्टरांना शंकाच आली नाही, तर रोगी तिथवर पोहोचणार कसा?

म्हणून हा चित्रपट वैद्यकीय महाविद्यालयांत जरूर दाखवावा. मात्र तेलाच्या विजयापाशी न थांबता त्याच्या सुरुवातीच्या दृश्यांवर विद्यार्थ्यांशी बोलावे. आणि आपण घरच्यांनी? डॉक्टरांनी विचारले नाही, तरी मामा कशाने गेले, हे आपण होऊन सांगावे. आणि कागदावर ‘आईचा भाऊ’ असे लिहून घ्यायला लावावे.