सरपटी फटक्याची लोकशाही

खेळावरचा चित्रपट म्हटला की पुढचं सगळं आपल्याला पाठ असतं. हरत आलेला संघ, कडक प्रशिक्षक, अंतिम सामना आणि शेवटचा फटका. रॉन शेल्टन यांनी लिहिलेल्या आणि दिग्दर्शित केलेल्या ‘बुल डरहॅम’ (१९८८) या चित्रपटाने हा साचा हातही न लावता बाजूला ठेवला. नॉर्थ कॅरोलायनातलं डरहॅम हे एके काळचं तंबाखूचं गाव. ‘बुल डरहॅम’ हेही मुळात तिथल्या तंबाखूच्या छापाचं नाव. त्या गावचा डरहॅम बुल्स हा खालच्या दर्जाचा बेसबॉल संघ, त्यातला एक उतरणीला लागलेला कॅचर (फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा), एक चढणीला लागलेला पिचर (चेंडू टाकणारा) आणि दोघांनाही त्यांच्यापेक्षा अधिक ओळखणारी एक प्रेक्षक बाई, एवढ्या भांडवलावर शेल्टन यांनी चित्रपट उभा केला. हा त्यांनी दिग्दर्शित केलेला पहिलाच चित्रपट. पटकथेला ऑस्करचं नामांकन मिळालं. शेल्टन स्वतः बाल्टिमोर ओरिओल्सच्या खालच्या संघांतून पाच हंगाम खेळले, रॉचेस्टरपर्यंत म्हणजे सर्वोच्च पातळीच्या एक पायरी अलीकडे पोचले आणि तिथेच थांबले. एक पायरी कमी पडलेल्या माणसाची नजर या चित्रपटाला लाभली आहे.

अमेरिकी बेसबॉलची उतरंड ध्यानात घेतली तर चित्रपटाची गोडी वाढते. सर्वांत वर मेजर लीग; खेळाडू तिला नुसतं ‘द शो’ म्हणतात. तिच्याखाली ट्रिपल-ए, डबल-ए, सिंगल-ए अशा मायनर लीगच्या पायऱ्या. चित्रपटातला डरहॅमचा संघ सिंगल-ए पातळीवरचा. मैदान, तिकीटविक्री, मैदानभर नाचणारा बैलाचा सोंगाड्या हे सगळं स्थानिक मालकाचं; खेळाडू मात्र वरच्या क्लबचे. कुणाला वर न्यायचं, कुणाला खाली धाडायचं आणि कुणाच्या हातात नारळ द्यायचा, हे दूरच्या शहरातलं कार्यालय ठरवतं. त्यामुळे इथल्या चाहत्याची गत चमत्कारिक असते. आवडता पिचर बहरला की तो वर जातो आणि कोमेजला की घरी जातो. गावात राहत नाही तो नाहीच. संघ जिंकावा यापेक्षा ‘प्रॉस्पेक्ट’, म्हणजे पुढे वर जाऊ शकेल असा होतकरू खेळाडू, तयार व्हावा, यासाठी ही सगळी यंत्रणा चालते. अशा ठिकाणी जीव लावणं हे एक व्रतच.

ते व्रत घेतलेली बाई म्हणजे अ‍ॅनी सॅव्हॉय. सुझन सॅरंडन यांनी ती अशी साकारली आहे की पडद्यावर दुसरं कुणी बोलत असतानाही आपण तिच्याकडे बघत राहतो. सुरुवातीलाच ती आपली श्रद्धा जाहीर करते: सगळे धर्म करून पाहिले, पण मन रमलं ते बेसबॉलच्या देवळात. पुरावा म्हणून ती सांगते की कॅथलिकांच्या रोझरीत १०८ मणी असतात आणि बेसबॉलच्या चेंडूवर टाकेही १०८. टाक्यांचा हिशेब बरोबर आहे, मण्यांचा चुकलेला आहे. रोझरीत ५९ मणी असतात. १०८ मण्यांची असते ती आपली जपमाळ. पण ही चूक अ‍ॅनीला शोभून दिसते. चाहत्याची श्रद्धा आधी ठरते, आकडे मागाहून गोळा होतात. गंमत म्हणजे चित्रपटाची लांबीही १०८ मिनिटंच भरते.

मात्र अ‍ॅनीची भक्ती आंधळी नाही. ती स्थानिक कॉलेजात अर्धवेळ इंग्रजी शिकवते, दर हंगामात संघातला एक तरुण निवडते, त्याच्याशी प्रेमाचं नातं जोडते, त्याला खाटेला बांधून व्हिटमनच्या कविता ऐकवते आणि चेंडू टाकताना पाठ पुरेशी वाकत नाही हेही त्याला सुनावते. प्रेक्षकांत बसून तिने पाठवलेली चिठ्ठी प्रशिक्षकाच्या आरडाओरड्यापेक्षा अचूक असते. आपला माणूस हंगामाच्या शेवटी जाणार हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. जाणाऱ्यावर प्रेम करायचं, पण त्याला थोडा शहाणा करून पाठवायचं, ही तिची रीत. खऱ्या रसिकाची याहून नेमकी व्याख्या क्वचितच पडद्यावर आली असेल.

यंदाचा तिचा शिष्य एबी कॅल्विन ‘न्यूक’ लालूश (टिम रॉबिन्स). खांद्यात वीज आणि डोक्यात वारा. पहिल्याच सामन्यात तो १८ फलंदाजांना बाद करतो आणि १८ जणांना भरकटलेल्या चेंडूंवर फुकट धावू देतो. दोन्ही लीगचे विक्रम. शिवाय बैलाचा सोंगाड्या, निवेदक आणि वार्ताहर यांनाही त्याचे चेंडू लागतात. ही अतिशयोक्ती वाटेल, पण तिला मूळ आहे. ओरिओल्सच्याच खालच्या संघांतून खेळलेल्या स्टीव्ह डॅल्कोव्स्की या पिचरच्या दंतकथा शेल्टन यांनी ऐकल्या होत्या. १९६० साली स्टॉकटनकडून १७० डावांत त्याने २६२ जणांना बाद केलं आणि बरोबर २६२ जणांनाच फुकट सोडलं. त्याच्या वेगाच्या कथा अजून सांगितल्या जातात. मेजर लीगमध्ये मात्र तो कधीच खेळला नाही. न्यूकच्या प्रत्येक भरकटलेल्या चेंडूमागे ही दुसरी शक्यता उभी आहे. हसता हसता काळजात काहीतरी टोचतं ते त्यामुळे.

न्यूकला वळण लावायला आणलेला कॅचर म्हणजे क्रॅश डेव्हिस (केव्हिन कॉस्टनर). हे नाव शेल्टन यांना जुन्या नोंदींत सापडलं; चाळीसच्या दशकात त्या नावाचा खेळाडू डरहॅमकडून खरोखर खेळला होता. चित्रपटातला क्रॅश बारा वर्षं मायनर लीगमध्ये घासलेला. ‘शो’मध्ये त्याने काढले ते सगळे मिळून २१ दिवस. व्यवस्थापकाच्या खोलीत त्याला कळतं की ट्रिपल-एवरून त्याला खाली आणलंय ते एका पोराची राखण करायला. तो संतापतो, खेळणंच सोडतो म्हणून बाहेर पडतो आणि दुसऱ्याच क्षणी दारातून डोकं आत घालून उद्याचा सामना कुणाशी ते विचारतो. संपूर्ण माणूस या डोकावण्यात आला. अपमान पचवायचा की खेळ सोडायचा, एवढाच पर्याय असला की खेळावर प्रेम करणारा काय निवडतो हे शेल्टन एका वाक्यात दाखवून मोकळे होतात.

चित्रपटाचा गाभा मला मैदानावरच्या एका छोट्या संवादात दिसतो. फलंदाजांना चकवून एकट्याने बाद करण्याच्या नादात असलेल्या न्यूकला क्रॅश बजावतो की असं बाद करणं कंटाळवाणं असतं, वर फॅसिस्टही. त्यापेक्षा चेंडू असा टाक की फलंदाज तो जमिनीवर मारेल, ते अधिक लोकशाहीचं. हे ऐकून हसू येतं. पण बेसबॉल कळणाऱ्याला त्यातलं तथ्यही कळतं. एकट्याने बाद करण्यात पिचर आणि कॅचर सोडून कुणाला काम नसतं. फटका सरपटी गेला की शॉर्टस्टॉपला वाकावं लागतं, दुसऱ्याला झेलावं लागतं, पहिल्या तळावरच्याला पाय रोवून उभं राहावं लागतं. पिचरचे चेंडू वाचतात, दंड शाबूत राहतो आणि सगळा संघ सामन्यात जागा राहतो. तांत्रिक सल्ला, विनोद आणि राजकीय मत एकाच वाक्यात इतकं एकजीव झालेलं मी दुसऱ्या कुठल्या खेळपटात पाहिलेलं नाही.

क्रॅशची मतं तिथे संपत नाहीत. अ‍ॅनीच्या दिवाणखान्यात तो आपल्या श्रद्धांची जी यादी ऐकवतो, तिच्यात शरीरसुखापासून केनेडी हत्येपर्यंत सगळं येतं. ऑस्वाल्डने ते कृत्य एकट्यानेच केलं, हे त्याचं ठाम मत. कृत्रिम हिरवळ आणि पिचरच्या बदली फलंदाज या दोन गोष्टींवर बंदी घालणारी घटनादुरुस्ती व्हावी, ही त्याची मागणी. देशाच्या राज्यघटनेइतकेच खेळाचे नियमही तळमळीने बोलण्याजोगे आहेत, असं मानणारा हा माणूस आहे. एकाच श्वासात राष्ट्राध्यक्षांचा खून आणि मैदानावरचं गवत येतं, तेव्हा चाहत्याचं मन कसं चालतं ते उमगतं. त्याच्या मनात क्रीडापान आणि अग्रलेख वेगळे छापलेले नसतात.

शेल्टन यांचा कान भाषेला फार तयार आहे. बसमध्ये क्रॅश न्यूकला मुलाखतीत बोलायची गुळगुळीत वाक्यं घोकायला लावतो: एकेक सामना बघायचा, संघाच्या उपयोगी पडायचं, बाकी देवाच्या हाती. न्यूकला ती कंटाळवाणी वाटतात. तशीच हवीत, असं क्रॅशचं उत्तर. शेवटी ‘शो’मध्ये पोचलेला न्यूक कॅमेऱ्यासमोर तीच वाक्यं बिनचूक म्हणतो आणि आपण ओळखतो की पोरगा तयार झाला. वर चढण्याची किंमत म्हणून स्वतःचं मत खाली ठेवावं लागतं, हे राजकारणालाही लागू पडणारं निरीक्षण शेल्टन यांनी निव्वळ विनोदाने केलं आहे. मत असलेला क्रॅश खालीच राहतो, हे त्याचं दुसरं टोक.

आणि मग ते गणित. न्यूकला वरून बोलावणं येतं त्या रात्री दारू प्यालेला क्रॅश त्याला हिशेब मांडून दाखवतो. पाचशे वेळा फलंदाजीला येणाऱ्याचे १२५ फटके बसले तर सरासरी .२५०, दीडशे बसले तर .३००. फरक पंचवीस फटक्यांचा. हंगाम सहा महिन्यांचा, म्हणजे आठवड्याला एक. एखादा चेंडू दोन क्षेत्ररक्षकांच्या मधोमध पडला, एखादा सरपटी फटका फटीतून निसटला, की माणूस झगमगाटात जातो. नाही पडला तर बसमध्ये बसतो. प्रतिभेच्या उतरंडीवर विश्वास ठेवणाऱ्या समाजाला हे गणित पचायला जड जातं. कॉस्टनर ते कडवट हसत, पण अंकगणिताच्या मास्तरासारखं स्वच्छ म्हणतात, म्हणून ते लक्षात राहतं.

न्यूक वर जातो आणि लगेच क्रॅशला काढून टाकलं जातं. त्याचं काम झालं. तो अ‍ॅशव्हिलला जाऊन २४७वा होमरन मारतो. चित्रपटातला हा मायनर लीगचा विक्रम (प्रत्यक्षातला आकडा याच्या बराच पुढे होता). पण इतकी वर्षं खाली राहिल्याशिवाय असा विक्रम होत नाही. त्यात मिरवण्यासारखं काही नाही, हे क्रॅशलाही ठाऊक असतं.

या चित्रपटाला खरं राजकारण भेटलं ते पंधरा वर्षांनी. एप्रिल २००३मध्ये कूपर्सटाउनच्या बेसबॉल हॉल ऑफ फेममध्ये ‘बुल डरहॅम’च्या पंधराव्या वर्षाचा सोहळा ठरला होता. रॉबिन्स आणि सॅरंडन यांनी इराक युद्धाला उघड विरोध केला होता. रेगन यांच्या काळात व्हाइट हाउसच्या माध्यम कार्यालयात काम केलेले हॉलचे अध्यक्ष डेल पेट्रोस्की यांनी सोहळाच रद्द केला. अशा टीकेने सैनिकांना असलेला धोका वाढू शकतो, असं त्यांनी पत्रात लिहिलं. बेसबॉल हा एकाच पक्षाचा खेळ असल्याचं आपल्याला माहीत नव्हतं, अशा आशयाचा टोला रॉबिन्स यांनी हाणला. ‘द बॉइज ऑफ समर’चे लेखक रॉजर कान यांनी निषेध म्हणून हॉलमधला आपला ठरलेला कार्यक्रम रद्द केला. आधी दोघांशी फोनवर बोलायला हवं होतं, हे पेट्रोस्कींनी नंतर मान्य केलं. त्याच वर्षी ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’ने खेळावरच्या चित्रपटांच्या यादीत ‘बुल डरहॅम’ला पहिला क्रमांक दिला. राजकारण नको, नुसता खेळ साजरा करू, अशी ज्यांची इच्छा होती त्यांनी चित्रपट नीट पाहिला नव्हता एवढाच याचा अर्थ. गवतापासून ऑस्वाल्डपर्यंत प्रत्येक गोष्टीवर मत असलेली माणसं हाच तर त्याचा विषय.

खेळाडूंच्या वेतनाचं जे राजकारण चित्रपटात उघडपणे येत नाही, तेही पुढे अमेरिकी संसदेपर्यंत गेलं. २०१८च्या खर्चविधेयकात घुसवलेल्या एका तरतुदीने मायनर लीगच्या खेळाडूंना जादा कामाच्या वेतनाच्या हक्कातून वगळलं. २०२१च्या हंगामाआधी चाळीसहून अधिक गावांचे संघ या उतरंडीतून काढून टाकले गेले. अखेर २०२२मध्ये खेळाडू संघटित झाले आणि २०२३च्या पहिल्या करारात ट्रिपल-एचं किमान वार्षिक वेतन १७,५०० डॉलरवरून ३५,८०० डॉलरवर गेलं. क्रॅश ‘शो’बद्दल आसुसून सांगतो तेव्हा सगळ्यात आधी तो सांगतो की तिथे आपली बॅग दुसरं कुणीतरी उचलतं. स्वप्नाच्या त्या वर्णनात कामगाराची मागणी दडली आहे, हे आज अधिक स्पष्ट दिसतं.

उणिवा आहेत. लॅटिन अमेरिकी खेळाडू वाट्याला येतो तो मंतरलेल्या ग्लव्हच्या विनोदापुरता. डरहॅमसारख्या मोठ्या कृष्णवर्णीय वस्तीच्या गावात कॅमेरा त्या वस्तीकडे जवळजवळ वळतच नाही. सरपटी फटक्याची लोकशाही सांगणारा चित्रपट इथे स्वतःच्याच कसोटीला पुरा उतरत नाही. क्रॅश आणि अ‍ॅनीचा प्रणय रंगतो खरा, पण त्या भागात संवादांची धार थोडी बोथट होते.

तरीही ज्यांना प्रॉस्पेक्टच्या याद्यांत रस आहे, ज्यांना राजकारणावर वाद घालायला आवडतं आणि ज्यांना बेसबॉलचा ओ का ठो कळत नाही, अशा तिघांनीही हा चित्रपट पाहावा. वर गेलेल्यांची चरित्रं भरपूर निघतात. एक पायरी कमी पडलेल्यांना इतक्या बुद्धीने, इतक्या खट्याळपणे आणि दयेचा आव न आणता न्याय देणारा चित्रपट, माझ्या मते, बेसबॉलवर दुसरा झालेला नाही.