हिपॅटायटिस-सीवरील नवी औषधे आणि औषधांच्या आंतरक्रिया : एक चिकित्सक टिपण

प्रस्तावना :
डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सोफोसबुव्हिरला मान्यता दिली आणि हिपॅटायटिस-सीच्या उपचारांचे स्वरूपच पालटले. इंटरफेरॉनच्या दीर्घकालीन इंजेक्शनांची जागा साधारणतः १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी घेतली. ९० टक्क्यांहून अधिक रुग्ण बरे होतात, हे यश निर्विवाद आहे. मात्र या औषधांविषयीच्या लेखनात ‘सोपा उपचार’ हा शब्दप्रयोग ज्या सहजतेने केला जातो, त्याची चिकित्सा होणे आवश्यक आहे. कारण रुग्ण क्वचितच एका रोगाचा धनी असतो.

विवेचन :
१) अमिओडॅरोन : हृदयाच्या अनियमित ठोक्यांवरील या औषधासोबत सोफोसबुव्हिरयुक्त उपचार दिल्यास हृदयगती धोकादायकरीत्या मंदावू शकते, असा इशारा उपरोक्त प्रशासनाने मार्च २०१५ मध्ये दिला. नोंदलेल्या घटनांत एक रुग्ण दगावला होता, तर तिघांना पेसमेकर बसवावा लागला. हा धोका लक्षात आला तो औषध बाजारात आल्यानंतर, ही बाब विशेष लक्षणीय आहे. शिवाय अमिओडॅरोन बंद केल्यावरही आठवडे, प्रसंगी महिने शरीरात रेंगाळते.

२) रिफॅम्पिसिन : हे औषध आतड्यातील पी-ग्लायकोप्रोटीन व यकृतातील विकरे यांची क्रियाशीलता वाढवते. परिणामी सोफोसबुव्हिर, डॅक्लाटासव्हिर व व्हेलपाटासव्हिर यांचे रक्तातील प्रमाण घटते. कार्बामाझेपिन, फेनिटॉइन ही फेफऱ्यावरील औषधेही असाच परिणाम घडवतात. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या भारताच्या राष्ट्रीय विषाणुजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमाचा आधार हीच नवी औषधे आहेत. क्षयरोगाच्या नेहमीच्या उपचारांचा कणा मात्र रिफॅम्पिसिन आहे. दोन्ही रोग असलेल्या रुग्णाच्या बाबतीत कोणता उपचार आधी, हा निर्णय दोन्ही विभागांनी मिळून घ्यावा लागतो.

३) आम्लपित्तावरील गोळ्या : व्हेलपाटासव्हिर विरघळण्यास जठरातील आम्ल लागते, ओमेप्राझोलसारख्या गोळ्यांनी त्याचे शोषण घटते. आपल्याकडे अशा गोळ्या अनेकदा चिठ्ठीविना घेतल्या जातात. रुग्ण त्यांना ‘औषध’ समजतच नाही. म्हणून विचारल्यावरही सांगत नाही.

येथे आंतरक्रियांच्या प्रचलित तक्त्यांविषयी एक आक्षेप नोंदवावासा वाटतो. लिव्हरपूल विद्यापीठाने सर्वांसाठी खुली केलेली आंतरक्रियांची माहिती निःसंशय मोलाची आहे. तथापि, तक्त्याच्या ‘एकत्र देऊ नये’ या एकाच रकान्यात अमिओडॅरोन आणि रिफॅम्पिसिन शेजारी बसतात, तेव्हा त्यांच्या हानीतील भेद पुसला जातो. पहिल्याची हानी तत्काळ दिसते. दुसऱ्याची निःशब्द असते : रुग्णाला काहीच जाणवत नाही, गोळ्या संपतात आणि विषाणू मात्र उरतो; कदाचित औषधाला दाद न देणारा होऊन.

निष्कर्ष :
उपचाराचे यश केवळ रेणूत नसून रुग्णाच्या संपूर्ण औषधयादीत दडलेले असते. ही यादी पहिल्या गोळीपूर्वी तयार व्हावी आणि तीत दुकानातून परस्पर घेतलेल्या गोळ्याही याव्यात. यकृत सुधारू लागल्यावर वॉरफॅरिन व मधुमेहाच्या औषधांच्या मात्राही पुन्हा तपासाव्या लागतात. म्हणून ही यादी उपचारकाळातही वाचली जावी. औषधनिर्माणशास्त्राच्या अध्यापनात आंतरक्रियांचे पाठांतर करून घेण्याऐवजी यादी विचारण्याचे कौशल्य शिकवले गेले, तरच ‘सोपा उपचार’ हे विशेषण सार्थ ठरेल.